बाटलीवरचं नाव आणि ताटातली नागली
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना फळ्यासमोर दोन मिनिटं उभं राहायचं म्हटलं तरी माझे पाय लटपटायचे, हे गणिताच्या सरांना आठवत असेल. आजही थोडे लटपटताहेत, पण आता ते गुडघ्यांमुळे.

आपण १९७८ साली दहावी झालो. त्यानंतर मी आयटीआय केलं आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये पस्तीस वर्षांहून अधिक काळ तपासणी विभागात काढली. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना पोलीस आठवतो. माझं काम त्याहून साधं. लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा तुकडा हातात घ्यायचा आणि त्यात तडा आहे का ते बघायचं. आपल्या जिल्ह्यात ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ साली आला, पुढे सातपूर-अंबडला गाड्यांचे आणि विजेच्या उपकरणांचे भाग बनू लागले. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा तडा शोधणारी बरीच माणसं या शहरात तयार झाली. मी त्यातलाच एक.

आज मला दोन विषयांवर बोलायचं आहे. एक, कारखान्यातली चिकटवायची आणि तपासणीची रसायनं. दुसरा, मुलांचं खाणंपिणं. तुम्ही म्हणाल, यांचा एकमेकांशी काय संबंध? माझ्या घरात तो संबंध एका संध्याकाळी जुळला. तीच गोष्ट आधी सांगतो. आजवर ती घराबाहेर फारशी सांगितलेली नाही.

१९९१ सालची गोष्ट. आमच्याकडे ‘डीपी’ नावाची तपासणी चालायची, डाय पेनेट्रंट. कशी करतात ते सांगतो. भाग आधी स्वच्छ करायचा. मग त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तडा असेल तर द्रव्य त्यात शिरतं. मग वरचा लाल रंग क्लिनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसायचा आणि वरून पांढऱ्या पावडरीचा पातळ थर द्यायचा. तड्यात लपलेला लाल रंग ती पावडर वर खेचून घेते. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की समजायचं, हा तुकडा बाद. तो क्लिनर दिसायला अगदी पाण्यासारखा. ग्रीस काढायला उत्तम. मी शहाणपणा केला आणि स्कूटर पुसायला म्हणून थोडासा घरी आणला. कशात? सरबताच्या रिकाम्या बाटलीत. ठेवला कुठे? मोरीच्या कट्ट्यावर.

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिने बाटली ओळखली. घोट घेतला आणि खोकायला लागली. घरात गडबड उडाली. माझ्या आईने, जे तिला तिच्या आईने शिकवलं होतं ते केलं. मिठाचं पाणी पाजलं आणि उलटी काढली. आई चुकली असं मी म्हणणार नाही, चूक माझी होती. पण त्या उलटीने घात केला. असलं पातळ, तेलकट द्रव्य पोटात गेलं तर जेवढं नुकसान करतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते फुफ्फुसात गेलं तर करतं. आणि उलटी होताना ते श्वासनळीत उतरतं. रात्री मुलीला न्यूमोनिया झाला. आठ दिवस आम्ही दवाखान्यात होतो. त्यातल्या दोन रात्री मी कोणत्याच देवाला सोडलं नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता बाटलीवरून बोलणी खावी लागणार. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला आणि विचारलं, “तुम्ही क्वालिटीत आहात ना? मग हे बघा. हिमोग्लोबिन साडेसात आहे. या वयात अकराच्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. ही मुलगी खाते काय?”

मी गप्प. घरात पगार वेळेवर येत होता, डबे भरलेले होते. मुलगी काय खायची? सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं, दुपारी दूध-पोळी, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी, आणि रडली की कुरकुरीत पाकीट. भूक भागत होती, पोषण होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “औषधाने फुफ्फुस बरं होईल. पण अंगात रक्त असतं तर ती याहून लवकर उठली असती.”

मित्रांनो, मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा माणूस. बाहेरच्यांनी बनवलेला तुकडा तपासल्याशिवाय कारखान्यात घेत नव्हतो. आणि घरातल्या लेकराचं वजन शेवटचं कधी केलं ते मला सांगता आलं नाही.

ती मुलगी आज मागच्या रांगेत बसली आहे, तिच्या मुलाला घेऊन. तिच्या परवानगीने हे सांगतोय.

आता आधी रसायनांबद्दल. आपल्यातल्या सहा-सात जणांचे स्वतःचे कारखाने आहेत, कित्येकांची मुलं कारखान्यात आहेत, आणि चिकटवण्याच्या ट्यूब तर प्रत्येकाच्या घरात आहेत.

पहिला नियम: खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन नाही. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. मूळ डब्यातून छोट्या बाटलीत काढलं तर त्या बाटलीवर नाव आणि धोक्याची खूण हवीच. रसायनाचा रिकामा ड्रम पाणी भरायला घरी न्यायचा नाही. कितीही धुतला तरी नाही. आपल्याकडे हे अजूनही सर्रास चालतं.

दुसरा: कोणी असं काही प्यायलंच तर उलटी काढायची नाही. मीठपाणी नको, बोट घालणं नको, दूधही नको. तोंड पुसा, कपड्यावर सांडलं असेल तर कपडे बदला, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटलीवरचं नाव डॉक्टरांच्या फार उपयोगाचं असतं. माझ्या बाटलीवर सरबताचं नाव होतं.

तिसरा: वासावर विश्वास ठेवू नका. रबराच्या पिवळ्या गोंदात, थिनरमध्ये टोल्युइन, हेक्झेन अशी द्रावकं असतात. सुरुवातीला वास झोंबतो, थोड्या वेळाने येईनासा होतो. वास गेला म्हणजे वाफ गेली असं नाही, नाक थकलेलं असतं. ही वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. म्हणून छताला पंखा लावून भागत नाही, हवा खालून ओढून बाहेर टाकणारी सोय लागते. साधा कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. तिला कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि ते कार्ट्रिजसुद्धा वेळेवर बदलावं लागतं.

हेक्झेन काय करतं याचा धडा जगाने फार महाग शिकला आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी, बंद खोल्यांमध्ये बसून चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मग पाय उचलेनात. गोंदातल्या हेक्झेनने नसा खराब केल्या होत्या. इटलीतल्या चपला-बूट बनवणाऱ्यांनाही हेच भोगावं लागलं. आपल्याकडे चपलांचं, बॅगांचं, फोमचं काम घरी आणून बायका करतात आणि शेजारी लेकरं खेळत असतात. कोणी पायाला मुंग्या येतात म्हणालं, तर वाताचं औषध देण्याआधी विचारा: काम काय करता? खोलीला खिडकी आहे का?

चौथा: इपॉक्सी. दोन डबे मिसळून लावतो ते. त्यातलं रेझिन आणि हार्डनर कातडीला लागत राहिलं तर एखाद्याला ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. मग त्या माणसाला ते काम सोडावं लागतं. यासाठी नायट्राइलचे हातमोजे घाला. आणि हात थिनरने धुऊ नका. थिनर कातडीतलं तेल काढून टाकतो आणि रसायनाला आत जायला वाट करून देतो. साबण-पाणी पुरतं.

पाचवा: झटपट चिकटणारा गोंद, सायनोॲक्रिलेट. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा, हळूहळू सुटतात. डोळ्यात गेला तर पापण्या ओढून उघडायच्या नाहीत, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि सुती कापडावर तो सांडला तर एकदम तापतो, भाजतंसुद्धा. म्हणून सुती हातमोजे घालून तो वापरू नये. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

नट-बोल्ट पक्के करणारा गोंद असतो, त्याची बाटली नेहमी अर्धीच भरलेली येते. आमच्या एका स्टोअरकीपरला वाटायचं, कंपनी फसवते. खरं म्हणजे तो गोंद हवा मिळाली तर पातळ राहतो आणि हवा बंद झाली की धातूच्या फटीत घट्ट होतो. वरची रिकामी जागा हवेसाठी ठेवलेली असते. म्हणून दोन अर्ध्या बाटल्यांची एक करू नये.

सहावा: डीपीचे स्प्रे कॅन. वेल्डिंगजवळ, उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवायचे नाहीत. संपलेला कॅन जाळायचा नाही, भोसकायचा नाही. क्लिनर थेट तपासायच्या भागावर फवारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. त्याने वाफ कमी होते आणि तपासणीही नीट होते, नाहीतर तड्यातला रंगच धुऊन जातो. ओली फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकायची.

आणि एक गैरसमज. बऱ्याच ठिकाणी वाफेत, धुळीत काम करणाऱ्यांना गूळ किंवा दूध देतात. “दूध प्यायलं की सगळं धुऊन निघतं.” अजिबात निघत नाही. घशातून गेलेलं दूध पोटात जातं, फुफ्फुसात नाही. दूध द्या, चांगलंच आहे, पण हवा खेळती ठेवण्याच्या बदल्यात देऊ नका.

प्रत्येक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक येतं, त्याला आम्ही एमएसडीएस म्हणतो. त्यात सोळा भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर तीन वाचा: दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-मास्क. १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपण काय हाताळतो ही माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. ते पत्रक साहेबांच्या कपाटात कुलपात असेल तर त्याचा उपयोग शून्य. मराठीत लिहून भिंतीवर लावा. आपल्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत, शुद्धलेखन त्या तपासून देतील.

आता या दोन विषयांची सांधणी. बॅटरी, डाग देण्याचं काम, जुना रंग खरवडणं, यातून शिसं येतं. बाबा कामावरचे कपडे घालून घरी येतात, पोर धावत येऊन बिलगतं. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असतं त्याचं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. शरीर लोह शोधत असतं आणि त्याच वाटेने शिसं आत शिरतं. म्हणजे कारखान्यातला कपडा बदलून घरी येणं आणि पोराच्या ताटात भाजी असणं, ही एकाच कुलपाची दोन दारं आहेत. एक बंद करून चालत नाही.

आणि ताटाची स्थिती काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२० मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली आणि ३६ टक्के मुलांचं वजन कमी भरलं. रक्त कमी असलेली मुलं जवळजवळ ६९ टक्के. हे फक्त पेठ-सुरगाण्याचं दुखणं समजू नका. माझी मुलगी सिडकोतल्या दोन खोल्यांत, पगारदार बापाच्या घरात वाढत होती.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडे तर नागलीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. १०० ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात चाळीसच्या आसपास. आपण शहरात आलो आणि नागलीला गरिबाचं धान्य म्हणून घराबाहेर काढलं. आता तीच पाकिटात बंद होऊन चौपट भावाने परत आली आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा कुठे आपल्याला तिची आठवण झाली.

डॉक्टरांनी तेव्हा मला सांगितलं ते साधं होतं. जेवणासोबत आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, पेरू, आवळा द्या, त्याने लोह जास्त लागू पडतं. शेंगदाणे, मोड आलेली मटकी, खाणाऱ्यांनी अंडं. सहा महिने पुरे झाले की आईच्या दुधासोबत घट्ट खिमटी, वर चमचाभर तूप किंवा तेल. पातळ पाण्यासारखी पेज देऊन पोट भरतं, अंग भरत नाही. आणि जंताचं औषध. आम्ही हे केलं. सहा महिन्यांत रिपोर्ट अकराच्या वर गेला. एकही महागडी पावडर आणावी लागली नाही.

अंगणवाडीत एक रंगीत पट्टी असते, दंडाचा घेर मोजायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल, तर मूल अतितीव्र कुपोषित, ताबडतोब उपचार हवेत. साडेबारापर्यंत पिवळा, लक्ष ठेवायचं. मी ती पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमची पांढरी पावडर आठवली. आईला रोज बघून जो तडा दिसत नाही, तो ही पट्टी दाखवते. फरक एवढाच की आमच्याकडे लाल रेघ दिसली की तुकडा भंगारात जायचा. इथे लाल दिसलं की मूल वाचवायला सुरुवात होते.

आता शेवटचा आणि थोडा भांडणाचा मुद्दा. समितीने मला याच्यावर बोलू नको म्हणून सांगितलेलं नाही, म्हणून बोलतो.

आपण जमवलेल्या निधीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायचं ठरतंय. कमान सुंदर होईल. पण मी जुलै महिन्यात शाळेत चार दिवस येऊन बसलो होतो. आपल्या वेळी, १९७२ च्या दुष्काळात, आपल्यातल्या कित्येकांनी सुकडी खाल्ली आहे. घरी मिलोची लाल भाकरी असायची. ती चव आठवून आता हसू येतं, पण तिने आपल्याला उभं ठेवलं. आज पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत मिळतो: पाचवीपर्यंत ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, पुढे आठवीपर्यंत ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. नववीत गेलं की ताट बंद. म्हणजे मुलं सर्वांत झपाट्याने वाढतात, मुलींना पाळी सुरू झालेली असते, त्याच वयात. मधल्या सुट्टीत नववीच्या काही मुली आठवीच्या रांगेकडे बघत नळावर पाणी पीत होत्या. त्यांचे आईवडील आपल्याच मित्रांच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला आहेत.

माझं म्हणणं एवढंच. कमान लहान करा. उरलेल्या पैशातून नववी-दहावीच्या मुलांना रोज मधल्या सुट्टीत शेंगदाण्याची चिक्की, मोड आलेली उसळ, शक्य तेव्हा अंडं किंवा केळं. वर्षातून दोनदा वजन, उंची आणि हिमोग्लोबिन. सरकारच्या लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेत येतात, त्या मुलं खरोखर गिळतात का हे बघायला आपल्यातल्या निवृत्तांनी आळीपाळीने यायचं. सोमवार माझा. आणि कारखानदार मित्रांनो, तुमच्याकडून पैसे नंतर घेऊ. आधी उद्या सकाळी शॉपवर जाऊन एक फेरी मारा आणि पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत काय काय भरून ठेवलंय ते बघा. मला फोन करून सांगा, किती सापडल्या. लाजायचं कारण नाही, माझी पहिली आहे.

विज्ञानाच्या बाई आम्हाला प्रयोगशाळेत एक गोष्ट रोज सांगायच्या: बाटलीवर नाव नसेल तर तिला हात लावायचा नाही. मी ती वहीत लिहून घेतली होती, मार्कही मिळाले होते. पण घरी येताना ती शाळेतच ठेवून आलो. बाई, उशीर झाला, पण आता पाठ झाली आहे.

वीस मिनिटं संपली. जेवणाची वेळ झाली आहे. जेवणानंतर लगेच चहा मागू नका.